अकरा फूट एक इंच

रविवारी दातांचे डॉक्टर येऊन आमचा कॅम्पर घेऊन जाणार होते, आणि मला तो द्यायचा नव्हता. भांडण एवढंच होतं. बाकीचं सगळं त्याच्या आगेमागे घडलं.

आधीच सांगून ठेवते, माझा राग नाकावर असतो. एकतीस वर्षं शिवणाच्या मशीनसमोर बसून कुणाचा नसेल? आमचं कपडे शिवायचं दुकान होतं. नवरा मापं घ्यायचा आणि कापायचा, मी शिवायची. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणायची, मग मीही मास्तरच म्हणायला लागले. मास्तरांच्या वाट्याला गिऱ्हाइकांशी गप्पा, माझ्या वाट्याला मशीनमागची भिंत. त्या भिंतीवरचा एकेक पोपडा मला तोंडपाठ आहे. शेवटी गुडघे कुरकुरायला लागले, आम्ही दुकान बंद केलं, आणि त्याच दिवशी मी मास्तरांना सांगितलं, "आता रोज सकाळी दार उघडलं की मला नवीन काहीतरी दिसलं पाहिजे. भिंत सोडून काहीही."

मास्तरांनी ते फारच मनावर घेतलं. महिन्याभरात जीपच्या मागे जोडून ते कॅम्पर घेऊन आले. कुणीतरी वापरलेला, पण केवढा! अहो, चाकांवरचं घरच ते. आत ओटा, दोन पलंग, न्हाणीघर, खिडक्यांना पडदे. पडदे इतके वाईट शिवलेले होते की मी पहिल्या दिवशीच उसवून टाकले आणि नवे केले. लांबी अशी की मागच्या खिडकीतून हाक मारली तर जीपमध्ये ऐकू येणार नाही. मी त्याचं नाव धूड ठेवलं आणि धूडावर जीव लावून बसले.

पहिल्याच फेरीत आम्ही तोंडावर आपटलो. रस्ता दाखवायला मास्तरांनी मोबाइल लावला होता. आता मोबाइलला काय माहीत, मागे घर बांधलंय ते? त्याला वाटलं, निघालेत दोघं नवराबायको फिरायला, दाखवू या जवळची वाट. ती जवळची वाट एका वस्तीतल्या गल्लीत शिरली, दोनदा वळली आणि तिसऱ्या वळणानंतर पायऱ्याच सुरू झाल्या. पायऱ्या! खाली उतरायच्या, दगडी. धूड पुढे जाईना, आणि मागे घ्यायचं म्हणजे ती दोन्ही वळणं उलटी. अडीच तास लागले. अख्खी गल्ली बाहेर आली. एका आजोबांनी तर खुर्ची आणून मधोमध मांडली आणि बसल्या जागेवरून हुकूम सोडायला लागले. मी मागे उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या, बास!" करत घसा बसवून घेतला.

मी ही हकीकत नंतर महिनाभर येईल त्याला हसून हसून सांगितली. मास्तर एकदाही हसले नाहीत. धूड त्यांनी अंगणात उभं केलं, त्यावर ताडपत्री ओढली, आणि एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, "दातांच्या डॉक्टरांना कॅम्पर हवाय. रविवारी येतायत."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. "मला विचारलंत?"

"तुला चालवायचाय का तो?"

इथेच माझं घोडं अडलं. मला गाडी चालवता येत नाही. येत असती तर मी कुणाच्या तोंडाकडे बघत बसले असते होय? पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. मी असा काही तोंडाचा पट्टा सोडला की मास्तर चहा अर्धा टाकून उठले. दारापर्यंत गेले, परत वळले आणि म्हणाले, "मला एकदाही गाडी मागे घ्यायला लावणार नाही असं यंत्र शोधून दे. मिळालं तर मी डॉक्टरांना नाही म्हणतो. नाही मिळालं तर रविवारी धूड जाणार."

तो दिवस बुधवार होता.

गुरुवारी सकाळी दहाला आम्ही गाड्यांच्या सामानाच्या दुकानात हजर. काउंटरवर जाड चष्म्याचा एक मनुष्य होता, बोलायला गोड. "कशी गाडी आहे, ताई?" त्यानं विचारलं.

"जीप आहे. आणि तिच्या मागे आमचं घर आहे."

त्यानं तीन यंत्रं काचेवर मांडली. पहिलं लहानसं, नाजूक. त्याबद्दल मी दोन प्रश्न विचारले आणि कळलं की ते आपल्या मोबाइलचंच भावंड आहे, त्याला पुलांची उंची वगैरे काही ठाऊक नाही. म्हटलं, उचला हे इथून, पायऱ्या आमच्या बघून झाल्या. दुसरं ट्रकवाल्यांचं. त्याला कुठला पूल किती उंच, कुठला रस्ता किती वजन पेलतो, सगळं ठाऊक. मला आवडलं होतं, पण चष्मेवाला खरा माणूस निघाला. म्हणाला, "ताई, हे तुम्हाला नीट नेईल, पण ट्रकच्या वाटेनं नेईल. तलावाकाठी मुक्काम करायचा म्हटलं तर जवळची सिमेंटची वखार दाखवेल." तिसरं खास कॅम्परवाल्यांसाठी होतं. पडदा चांगला तळहाताएवढा, आवाज एका बाईचा. त्यात आपल्या गाडीची उंची, रुंदी, लांबी, वजन भरायचं, गॅसची टाकी आहे का तेही सांगायचं, की मग ती बाई आपल्याला मावेल असाच रस्ता निवडते. मुक्कामाच्या जागासुद्धा दाखवते, आणि तिथे धूड वळवायला जागा आहे का तेही सांगते.

मास्तर इतका वेळ पाठीमागे हात बांधून उभे होते. आता पुढे आले. "ही बाई गाडी रिव्हर्स घ्यायला लावणार नाही ना?"

"काका, रिव्हर्सची वेळ येऊ नये म्हणून तर हे यंत्र आहे."

"येऊ नये, की येणार नाही?"

चष्मेवाल्यानं चष्मा पुसला. मी त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते, म्हण रे बाबा नाही येणार म्हणून, तुझं काय जातंय? पण म्हटलं ना, खरा माणूस. "तसं लिहून नाही देता येणार," तो म्हणाला. "एखादा रस्ता खोदलेला असतो, कुणी गाडी आडवी लावलेली असते. त्याला यंत्र काय करणार? आणि दुसरं, तुम्ही जे माप भराल त्यावर ते चालतं. माप चुकलं की सगळंच चुकलं."

"मापाचं आम्हाला नका सांगू," मास्तर ताडकन म्हणाले, आणि त्या रागाच्या भरात त्यांनी ते यंत्र घेतलं. मी मनातल्या मनात चष्मेवाल्याचे पाय धरले.

शुक्रवारी सकाळी आम्ही धूडाचं माप घ्यायला बसलो. जुनी रीत आपोआप सुरू झाली. मास्तरांच्या गळ्यात टेप, माझ्या मांडीवर वही. आमची टेप साठ इंची, धूडाला ती कशी पुरणार? म्हणून तीन टेपा पिना लावून जोडल्या. मास्तर शिडीवर चढले, छपरावरच्या एसीच्या डब्यावर आडवी काठी ठेवली आणि टेप खाली सोडली. वरून एकेक आकडा सांगत गेले, मी लिहीत गेले. रुंदी झाली, लांबी झाली, वजन कागदपत्रांत होतं. मग आत येऊन आम्ही ते सगळं यंत्रात भरलं, तलावाचं ठिकाण टाकलं आणि दोघं पडद्याकडे बघत बसलो.

बाईनं थोडा विचार केला. मग गोड आवाजात म्हणाली, "या वाहनासाठी मार्ग उपलब्ध नाही."

"कुठपर्यंत नाही?" मी तिलाच विचारलं.

मास्तरांनी तलाव काढून अलीकडचं गाव टाकलं. मार्ग उपलब्ध नाही. पेट्रोल पंप टाकला, हा इथला, कोपऱ्यापलीकडचा. मार्ग उपलब्ध नाही. म्हणजे आमच्या अंगणातून धूड बाहेरच पडू शकत नाही, असं त्या बाईचं म्हणणं. आमच्या घराच्या एका बाजूला बाजाराची गल्ली आहे, तिथून सायकलसुद्धा तिरकी करून काढावी लागते. दुसऱ्या बाजूला रेल्वेचा पूल, त्याच्या खालून रस्ता. पुलावर पाटी आहे, उंची अकरा फूट.

"बघ," मास्तर म्हणाले. "यंत्रच सांगतंय. तूच निवडलेलं यंत्र." आणि चक्क मोबाइल हातात घेऊन डॉक्टरांचा नंबर शोधायला लागले. चेहऱ्यावर असा भाव, की जणू जीव भांड्यात पडला.

मला रडायलाच येत होतं. पण नेहमीप्रमाणे रडण्याच्या आधी राग पोहोचला. "थांबा! एक मला सांगा. धूड याच पुलाखालून घरी आलं ना? गल्लीत अडकलो त्या दिवशी गेलो तेही इथूनच, आलो तेही इथूनच. तेव्हा पूल काय टाचा उंचावून उभा होता?"

मास्तरांनी मोबाइल खाली ठेवला.

"माप चुकलंय," मी म्हटलं.

"माझं माप आजवर चुकलं नाही."

ते खरंच होतं, म्हणून तर मला संशय आला. मी टेपा उचलल्या आणि अंगणात गेले. मागून "अगं गुडघे! अगं शिडी!" असं ओरडणं ऐकू येत होतं, पण मी आता कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हते. एकेक पायरी चढत वर गेले, काठी ठेवली, टेप सोडली, खाली उतरून आकडा बघितला. पुन्हा चढले, पुन्हा बघितला. दहा फूट दोन इंच. वहीत काय लिहिलेलं? अकरा फूट एक इंच.

मी तिथेच शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. त्यातले दोन इंच कुणाचे ते मला लगेच कळलं. माझेच. काय आहे, माप देताना सगळीच माणसं पोट आत ओढून उभी राहतात. बायका तर ओढतातच, पुरुष जास्त ओढतात. त्यामुळे मास्तर जो आकडा सांगतील त्यात दोन इंच घालूनच मी वहीत लिहायची, एकतीस वर्षांत एकही कपडा त्यामुळे उसवला नाही. आता धूड काही पोट आत ओढून उभं राहिलेलं नव्हतं. पण हाताला कोण सांगणार? हातानं आपले दोन इंच घालून टाकले.

मास्तर दारात येऊन उभे होते. मी त्यांना माझे दोन इंच कबूल केले. त्यांना हसू फुटलं, मलाही फुटलं. मग हसता हसता मी बोटांवर हिशेब केला आणि माझं हसू थांबलं. अकरा इंच जास्त होते. माझे दोन वजा केले तर राहिले नऊ.

"मास्तर, नऊ इंच म्हणजे वीत. ही वीतभर उंची कुणाची?"

ते जमिनीकडे बघायला लागले.

"तुम्ही वरून खोटा आकडा सांगितलात? तुम्ही? मापाचा?"

"मोठं सांगितलं म्हणजे ती बाई मोठ्या रस्त्यांनीच नेईल असं वाटलं," ते म्हणाले. "जिथं मागे घ्यावंच लागणार नाही अशा. पूल माझ्या लक्षातच नाही आला. नुसते माझे नऊ असते तर पाटीखाली आकडा बसला असता. तुझे दोन त्यावर चढले."

"अहो, पण इतकी कसली ती रिव्हर्सची धास्ती? अडीच तास लागले तर लागले. लोक हसले तर हसले. धूडाला साधा ओरखडासुद्धा नाही!"

मास्तर माझ्या शेजारी पायरीवर बसले. शिडी दोघांना पुरत नव्हती, अर्धे ते बाहेरच होते. "त्या गल्लीत दुसऱ्या वळणाशी तू आरशातून नाहीशी झालीस," ते म्हणाले. "डाव्या आरशात होतीस, हात हलवत होतीस. मी उजवीकडे बघितलं, परत डावीकडे बघितलं, तर तू नाहीस. थांबायला पाहिजे होतं मी. पण सगळे 'येऊ द्या, येऊ द्या' करत होते. मी घेतली. आणि चाकाखाली काहीतरी मोडलं."

मला काहीच आठवेना. मोडलं होतं काही?

"लाकडी खोकं होतं," ते म्हणाले. "पण ते नंतर कळलं. तेव्हा मला उतरता येईना. पाय हलेचनात. मी नुसता स्टिअरिंगला धरून बसलो. दार उघडलं तर काय दिसेल... आणि मग तू समोरून आलीस. कुणाच्या तरी घरून पाणी पिऊन, पदरानं तोंड पुसत. खिडकीशी येऊन म्हणालीस, 'काय हो, झोपलात की काय?'"

तेवढं मला आठवलं. तेवढंच मी सगळ्यांना सांगत होते, मास्तर कसे ऐन गर्दीत डोळे लावून बसले होते ते. नक्कल करून दाखवत होते. महिनाभर.

"एवढं पोटात ठेवून वावरलात?" मी म्हटलं, आणि मग रडलेच. रडता रडता त्यांच्या दंडावर दोन फटकेही मारले. "मला सांगायला काय झालं होतं? मी काय परकी आहे?"

"तू हसत होतीस," ते म्हणाले. "तुला हसताना बघून बरं वाटायचं. आहेस म्हणून बरं वाटायचं."

मी पदरानं नाक पुसलं. उठले. आत जाऊन यंत्र आणलं आणि उंचीच्या जागी दहा फूट दोन इंच भरलं. एकही इंच वर नाही. बाईनं जरासा विचार केला आणि तलावापर्यंतचा रस्ता पडदाभर निळा करून दाखवला. सहा तास चाळीस मिनिटं. मी तो पुसला आणि पुलापलीकडचं जुन्या गिरणीचं मैदान टाकलं. सात मिनिटं.

"जोडा धूड," मी म्हटलं.

"कशाला?"

"जोडा म्हणते ना."

पुलाखालून जाताना मास्तरांनी श्वास रोखला होता आणि मी डोळे मिटले होते. बाई एकटीच शांत होती. मैदान रिकामं, नुसती खडी आणि कडेला गवत. मी खाली उतरले आणि त्यांच्या खिडकीशी गेले. "हे बघा. तुम्ही म्हणता तसं यंत्र जगात कुणी बनवलेलं नाही. मागे घ्यायची वेळ येणार, आज नाही तर उद्या येणार. तेव्हा एकच नियम. मी आरशात दिसले तर घ्यायची. नाही दिसले तर जागच्या जागी थांबायचं, मग जगानं कितीही ओरडू दे. आणि मी तुम्हाला न सांगता पाणी प्यायलासुद्धा जाणार नाही. तहानेनं मेले तरी."

"असं बोलू नकोस."

"बरं, नाही बोलत. घ्या मागे."

पहिल्यांदा धूड डावीकडे घसरलं, दुसऱ्यांदा उजवीकडे. तिसऱ्यांदा त्यांनी मध्येच थांबवून खिडकीतून डोकं काढलं, "दिसत नाहीयेस!" मी दोन पावलं बाहेर सरले. "आता?" "आता दिसतेस." चौथ्या खेपेला मास्तरांचा मोबाइल वाजला. खिडकी उघडी होती, मला स्पष्ट ऐकू आलं. "डॉक्टर, आत्ता नाही बोलता येणार, मी रिव्हर्समध्ये आहे," ते म्हणाले. मग मान आरशाकडे वळवून, "आणि रविवारी येऊ नका. आम्ही नसू."

मी तिथल्या तिथे नाचले असते, पण हलायचं नव्हतं. धूड हळूहळू मागे येत होतं, एकदम सरळ, आणि त्या लांबलचक आरशात मास्तरांचे दोन डोळे दिसत होते. माझ्यावरून ते हलतच नव्हते. एकतीस वर्षं एका दुकानात पाठीला पाठ लावून काढली आम्ही, त्यांनी माझ्याकडे इतका वेळ असं एकटक कधी बघितलं नव्हतं. मला चक्क लाज वाटली. म्हणून मी हात वर केला आणि म्हटलं, "येऊ द्या."